आईला चेहरे आठवतात पण नावं आठवत नाहीत, हे वयामुळं की आजारामुळं?

वसमतकडच्या एका मुलानं प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगते. आई 67 वर्षांची, चौथीपर्यंत शाळा झालेली. वर्ष-दीड वर्षापासून माणसांची, वस्तूंची नावं पटकन तोंडात येत नाहीत. बाजारातून सहा वस्तू सांगितल्या तर चारच घेऊन येते. पण लग्नाचा जुना अल्बम पुढं ठेवला की एकेका माणसावर बोट ठेवून सांगते, कोणती बाई कोणतं लुगडं नेसली होती ते सुद्धा. मोठा भाऊ म्हणतो अल्झायमर झालाय, शेजारचे म्हणतात साठी बुद्धी नाठी, मेडिकलवाल्यानं मेमरीच्या गोळ्या दिल्यात. मुलाला विचारायचंय की चित्रं एवढी पक्की लक्षात आहेत म्हणजे मेंदू चांगलाच असणार ना? आणि आईला बाजारात एकटं पाठवणं बंद करावं का?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गेली 18 वर्षं लातूरला म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या करते. आईला समोर बसवल्याशिवाय मी काही ठाम सांगणार नाही आणि कुणी सांगत असेल तर ऐकू नका, कारण शुगर कशीय, ऐकायला किती येतं, झोप लागते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात एवढ्यात कुणी गेलंय का, या सगळ्यावर उत्तर बदलतं. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्यात, त्या सोडवून सांगता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे चित्र शब्दापेक्षा जास्त लक्षात राहणं हे म्हातारपणाचं लक्षण नाहीच, ते विशीतल्या पोरांचंही असंच असतं. 1967 साली रॉजर शेपर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लोकांना सहाशेच्या वर चित्रं दाखवली आणि नंतर जोड्या समोर ठेवून विचारलं, यातलं आधी कोणतं पाहिलंत, तर जवळजवळ 97 टक्के उत्तरं बरोबर आली, शब्दांच्या बाबतीत तोच आकडा 88 च्या आसपास. पुढं 1973 मध्ये लायनेल स्टँडिंगनं दहा हजार चित्रांवर तसाच प्रयोग केला, तरी 83 टक्के ओळखली गेली. दहा हजार! असं का होतं याचं अ‍ॅलन पैव्हिओ या मानसशास्त्रज्ञानं दिलेलं उत्तर मला रोजच्या कामात पटत आलंय. तुम्ही 'तिफण' हा शब्द वाचला तर डोक्यात शब्दाची एक नोंद होते, चित्र उभं राहील किंवा राहणारही नाही. पण तिफणीचं चित्र पाहिलं की चित्राची नोंद होतेच, शिवाय मनातल्या मनात 'तिफण' असं नावही उमटतं, म्हणजे एकाच गोष्टीला दोन दोऱ्या लागतात, एक सुटली तरी दुसरी ओढून गोष्ट वर काढता येते. आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, 1951-52 ला, बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं म्हणून पक्षांना चिन्हं दिली गेली, आणि आजही गावात उमेदवाराचं नाव सांगता न येणारी माणसं चिन्ह मात्र बरोबर सांगतात.

आता वय झाल्यावर नेमकं काय कमी होतं? आमच्याकडं पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीत खड्डा, तोंडावर माती लिंपलेली. ज्वारी आत शाबूत असायची पण पेवाचं तोंड कुठंय ते माहीत पाहिजे. वय वाढलं की बहुतेक निरोगी माणसांची ज्वारी आतच असते, तोंड सापडायला वेळ लागतो. आम्ही चाचणीत दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. एक, काहीही समोर नसताना स्वतःहून आठवणं. दुसरं, समोर आलेलं ओळखणं. वयानं पहिलं बरंच घसरतं, दुसरं त्या मानानं कमी. तुमची आई बाजारात उभी राहून सहा वस्तू आठवते ते पहिलं काम, आणि अल्बम बघते ते दुसरं, तिथं फोटोच तिला पेवाचं तोंड दाखवतोय. त्यामुळं तुम्हाला जे 'शब्द जातात, चित्रं राहतात' असं वाटतंय त्यातला मोठा भाग 'शोधून काढायला जड जातं, समोर आलं की ओळखू येतं' असा आहे, फक्त शब्द बहुतेक वेळा शोधावे लागतात आणि चित्रं समोर असतात म्हणून ते तसं दिसतं.

नावांचं दुखणं अजून वेगळं आहे. समजा मी तुम्हाला एका माणसाचा फोटो दाखवून म्हणलं की हा कुंभार आहे, कुंभारकाम करतो, तर चाक, माती, पोळ्याचे बैल, भट्टीचा धूर एवढं सगळं मनात येतं. आणि दुसऱ्याचा फोटो दाखवून म्हणलं की याचं आडनाव कुंभार आहे, तर त्यामागं काहीच येत नाही, नुसता एक आवाज. शब्द तोच, पण धंदा लक्षात राहतो आणि आडनाव निसटतं, तरण्या माणसाचंही. वयानं अर्थापासून आवाजापर्यंत जाणारी वाट अजून बारीक होते, म्हणून 'अगं ती नाही का, आपल्या मळ्याच्या वरल्या अंगाला राहते, तिचा पोरगा पुण्याला असतो, हां तीच' असं सगळं वर्णन येतं आणि नाव मात्र ओठावर अडतं. अर्ध्या तासानं भांडी घासताना आपोआप आठवतं. हे निरोगी म्हातारपणात लई सर्रास दिसतं. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट, दोन गोष्टींची गाठ बांधणं. चेहरा पण नवा नाव पण नवं, दोन्ही वेगवेगळे लक्षात राहतील पण कोणाचं कोणतं ही जोडी वयस्कर माणसाला जड जाते. नव्या सुनेच्या माहेरची दहा माणसं एकाच दिवशी भेटली आणि आईनं एकाचं नाव दुसऱ्याला लावलं तर त्यावरून घाबरू नका.

आणि शब्द जातात हे पण अर्धंच खरं आहे बरं का. शब्दांचे अर्थ, म्हणी, नात्यांची नावं, हा साठा साठी-सत्तरीतही टिकून असतो, पुष्कळांचा वाढलेला असतो. अमेरिकेत सिएटलला मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 पासून त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा तपासलं, त्यात शब्दांची समज साठीपर्यंत छान टिकलेली दिसली, वेग आधी कमी होतो. माझ्याकडं येणाऱ्या बायांमध्ये अशा कितीतरी आहेत की सही करता येत नाही पण जात्यावरच्या ओव्या सुरू केल्या की तासभर थांबत नाहीत. त्यांच्यापुढं 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मला बोलवत नाही, आणि ती म्हण दुहेरी नुकसान करते, निरोगी माणसाला खचवते आणि आजारी माणसाला 'वयच झालंय' म्हणून दवाखान्यात नेऊ देत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि इथं मला तुमचा गैरसमज काढायचाय. अल्बम ही परीक्षा नाही. आईनं चाळीस वर्षांपूर्वीची माणसं ओळखली यावरून मेंदू चांगला आहे असं म्हणता येत नाही, कारण अल्झायमरच्या सुरुवातीला जुन्या आठवणी तशाच शाबूत असतात, अडचण येते ती नवीन गोष्ट आत जाण्यात. त्यातही साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यांच्याच जास्त ठसठशीत असतात. तुमच्या आईच्या वयाच्या कुणालाही बहात्तरचा दुष्काळ विचारा, तेव्हा त्या चौदा-पंधराच्या असतील, खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी कशी लागायची ते सुद्धा सांगतील. किल्लारीच्या भूकंपाचं तसंच. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. आमच्या भागातल्या माणसांना त्या वेळी खाट कोणत्या दिशेला होती ते आठवतं. एक आजी माझ्याकडं यायच्या, ती सगळी रात्र एका दमात सांगितली, मी डोळे पुसले, पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला, आणि दहा मिनिटांनी त्यांनी मला पहिल्यापासून तीच रात्र परत सांगायला सुरुवात केली, मला सांगितलीय हेच त्यांच्या गावी नव्हतं. जुनी आठवण शंभर नंबरी, आणि आजार स्पष्ट.

मग बघायचं काय? मी बघते ते हे, की खूण दिल्यावर आठवतं का. आमच्याकडं एक पद्धत आहे, हर्मन बुश्के या मेंदूच्या डॉक्टरांच्या कामातून आलेली, 16 गोष्टी शिकवायच्या, एका कार्डावर चार. चित्रांचं कार्ड पुढं ठेवून मी विचारते, यात फळ कोणतं? माणूस बोट ठेवून म्हणतो, सीताफळ. अवजार कोणतं? विळा. असं करत सगळी 16. मग मध्ये थोडं दुसरं काम देऊन विचारते, काय काय होतं सांगा. स्वतःहून सात-आठ आठवतात, तिथं अडलं की मी खूण देते, फळ होतं एक. निरोगी पण वयस्कर माणसाच्या चेहऱ्यावर तिथं जे होतं ना ते बघण्यासारखं असतं, डोळे लगेच उघडतात, 'आवो सीताफळ!', आणि खुणेनं जवळजवळ सगळं निघतं. अल्झायमरमध्ये खूण देऊनही निघत नाही, किंवा 'फळ? मला कुठं फळ दाखवलं तुम्ही?' असं उत्तर येतं. पेवाचं तोंड दाखवलं तरी आत ज्वारी नाही. म्हणजे चित्र की शब्द यापेक्षा, हात दिला की वर येतं का, हा फरक जास्त सांगून जातो. उदासीनतेत म्हणजे डिप्रेशनमध्ये, थायरॉईडमध्ये, झोप न होण्यात सुद्धा बहुतेक वेळा खुणेनं आठवतं, तिथं लक्षच लागलेलं नसतं. अर्थात घरी एकदोनदा करून निदान ठरवू नका, पण डॉक्टरांना सांगायला ही माहिती लई उपयोगी पडते, 'बटाटे विसरली, पण भाजी कोणती म्हणल्यावर लगेच आठवलं' असं नेमकं लिहून ठेवा.

चाचणीबद्दल एक सांगितलंच पाहिजे कारण आई चौथी शिकलेली आहे. सगळीकडं वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत गेंड्याचं रेघांनी काढलेलं चित्र आहे. औसा तालुक्यातल्या एका काकूंना दुसरीकडं कुठंतरी त्यावरून 'वस्तू ओळखता येत नाहीत' असा शेरा मिळालेला. मी तेच चित्र ठेवलं, त्यांनी लांब धरलं, जवळ धरलं, म्हणाल्या 'रानडुक्कर हाय का वो, पर शिंग कसं आलं ह्येला?' त्यांनी गेंडा जन्मात पाहिला नव्हता, आणि पाहिलं ते नीट तर्क लावून सांगितलं. मी टेबलावर कुलूप, फणी, अडकित्ता, खरे ठेवले, सगळे सांगितले. शाळेत न गेलेल्या माणसांना कागदावरचं रेघांचं चित्र ओळखणं खऱ्या वस्तूपेक्षा अवघड जातं हे पोर्तुगालच्या संशोधनातही दिसलंय. म्हणून हिंदी भागात निरक्षर लोकांसाठी 1990 च्या दशकात वेगळी चाचणी तयार करावी लागली. आईला नेलं की विचारा, ही चाचणी तिच्या शिक्षणाला धरून आहे का, आणि तारीख सांगता आली नाही तर सण, वार, बाजाराचा दिवस विचारा म्हणावं.

चित्रांवर आंधळा भरवसा ठेवू नका याचं आणखी एक कारण आहे. वयस्कर माणसाला चित्राचा एकूण आशय छान राहतो पण बारीक तपशील सुटतो, त्यामुळं आधी पाहिलेल्यासारखं दुसरं चित्र आलं की 'हो हो पाहिलंय हेच' असं ठाम उत्तर येतं. प्रयोगशाळेत यानं काही बिघडत नाही, घरात बिघडतं. बीपीची आणि शुगरची गोळी दोन्ही पांढऱ्या, दोन्हीची पाकिटं चंदेरी, सकाळी पाकीट पाहिलेलं डोळ्यासमोर असतं, पण ते आजचं की कालचं हे कळत नाही, मग गोळी एकतर राहते नाहीतर दोनदा घेतली जाते. यावर आठवणीचा काही इलाज नाही, सात दिवसांचा खणांचा डबा आणा आणि खण रिकामा दिसला म्हणजे घेतली एवढंच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फोटोंचंही तसंच, फोटो डोक्यात पक्का बसतो आणि तो कुणी पाठवला, खरा होता का खोटा, हे आधी पुसलं जातं, त्यामुळं 'मी स्वतः पाहिलंय' म्हणून आई वाद घालत असेल तर ती खोटं बोलत नसते.

आता तपासणीचं. भारतात साठीच्या वरच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारांचं (अल्झायमर त्यातलाच एक), प्रमाण 2023 ला आलेल्या मोठ्या सर्वेक्षणात 7.4 टक्के निघालं, म्हणजे सुमारे 88 लाख लोक, बायांमध्ये आणि खेड्यात जास्त. म्हणजे बहुसंख्यांना नाही, पण दुर्लक्ष करावं इतकं थोडंही नाही. आधी फिजिशियनकडं जाऊन बी-12, थायरॉईड, शुगर, सोडियम बघा, आमच्याकडं शाकाहारी म्हाताऱ्या बायांमध्ये बी-12 कमी असणं नेहमीचं आहे आणि ते भरून निघतं. चालू गोळ्यांची सगळी पिशवी उचलून न्या, झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी डोकं धूसर होतं, पण डॉक्टरांनी दिलेली एकही मनानं बंद करू नका. मोतीबिंदू आणि कान तपासा, कारण नाव नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात राहील कसं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शिया वाढवणाऱ्या ज्या 14 गोष्टी आहेत त्यात ऐकू न येणं आणि दिसणं कमी होणं दोन्ही आहेत. मेडिकलवाल्यानं दिलेल्या मेमरीच्या गोळ्या ठेवून द्या, निरोगी माणसाची आठवण वाढवणारी गोळी नाही, ते पैसे चष्म्याला लावा.

तेच तेच दहा मिनिटांत विचारत असेल, ओळखीच्या गल्लीत वाट चुकली असेल, नेहमीच्या स्वयंपाकाचा क्रम चुकत असेल, पैशाचा हिशोब बिघडला असेल, स्वभाव पालटला असेल तर महिनाभर थांबू नका. आणि दोन-चार दिवसांत एकदम गोंधळली, किंवा पडल्यानंतर सुस्त झाली, तर त्याच दिवशी दवाखाना, ते इन्फेक्शन असू शकतं, डोक्यातला रक्तस्राव असू शकतो.

घरी काय करायचं त्यात माझी एक कळकळीची विनंती आहे. पाहुणे आले की 'आई, ओळख बघू हे कोण' असं करू नका. मी हे घराघरात पाहिलंय, सगळे हसत बघत असतात आणि ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघते, घाबरल्यावर तर आठवणारं पण आठवत नाही, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की ती आत स्वयंपाकघरातच बसते. त्यापेक्षा तुम्हीच आधी बोला, 'आई, सेलूच्या आत्याचा दिनू आलाय.' नाव सांगायचंच तर त्याला गाव, नातं, एखादी गोष्ट चिकटवून सांगा, नुसता आवाज टिकत नाही. फोनमध्ये प्रत्येक नंबराला चेहऱ्याचा फोटो लावा. नवीन सुनेच्या माहेरच्यांचा एक फोटो छापून आणा आणि प्रत्येकाच्या खाली मोठ्या अक्षरात नाव लिहा, चेहरा आणि नाव दोन्ही एकत्र डोळ्यांपुढून गेले की गाठ बसते. एखादं नाव शिकवायचं असेल तर एक मिनिटानं विचारा, मग पाच, मग पंधरा, मग संध्याकाळी, आणि अडलं की लगेच सांगून टाका, ताणू नका.

बाजारात पाठवणं बंद करू नका. हिशोब बरोबर येतोय, वाट बरोबर सापडतेय, तर सहापैकी चार वस्तू आणल्या म्हणून तिचं बाहेर पडणं काढून घेऊ नका, ते चालणं आणि चार माणसांशी बोलणं तिच्या मेंदूला हवंच आहे. निघायच्या आधी तिच्याच हातात पेन्सिल द्या आणि सहाही वस्तू काढायला लावा, वांगं, साबण, काडेपेटी, कसंही वाकडंतिकडं, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या प्रयोगांत वयस्कर माणसांना लिहिलेल्या शब्दांपेक्षा स्वतः काढलेल्या चित्रांचे शब्द जास्त आठवले, आणि माझ्याकडं येणाऱ्या बायकाही तेच सांगतात. पहिल्या दिवशी त्या लाजतात, 'मला काय काढता येतंय' म्हणतात. कागद पिशवीत असू द्या पण तिला सांगा, आधी आठवून घे, शेवटी दुकान सोडताना कागद बघ. दोन-तीन आठवडे असं करा, कागद न बघता किती आणल्या आणि बघून किती आणल्या ते रोज मांडून ठेवा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडं जा.